सुलभतेचे मोल : मराठीतील पाश्चात्य तत्त्वज्ञानाचा इतिहास

पाश्चात्य तत्त्वज्ञानाचा सुलभ परिचय करून देणारा ग्रंथ कसा असावा, या प्रश्नाचे उत्तर बहुधा भाषेच्या पातळीवर शोधले जाते. वाक्ये लहान असावीत, परिभाषा बेताची असावी, उदाहरणे सोपी असावीत, अशा अपेक्षा व्यक्त केल्या जातात. त्या गैर नाहीत, परंतु अपुऱ्या आहेत. सुलभ करायचे ते नेमके काय, हा त्याआधीचा प्रश्न आहे. तत्त्ववेत्त्याचे चरित्र, त्याचे मत, त्या मतामागील युक्तिवाद आणि त्या युक्तिवादाला जन्म देणारी समस्या या चार वेगवेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्या दोन सुलभ करणे सोपे असते. उरलेल्या दोन सुलभ करण्यातच लेखकाची कसोटी लागते.

परिचयग्रंथांचे दोन प्रकार सर्वपरिचित आहेत. पहिला कथारूप. विल ड्युरांट यांचा १९२६ सालचा ग्रंथ हे त्याचे ठळक उदाहरण होय. जगभर तो लोकप्रिय झाला, पण ॲरिस्टॉटलनंतरचे त्याचे प्रकरण थेट फ्रान्सिस बेकनवर येते. मध्ययुगाला, तसेच देकार्त आणि ह्यूम यांना, स्वतंत्र प्रकरण लाभत नाही. कथेला नायक लागतात आणि ज्यांचे चरित्र रंगत नाही ते गळतात. दुसरा प्रकार मतसंग्रहाचा. थेलीझ म्हणाला मूलतत्त्व पाणी, ॲनेक्झिमिनीझ म्हणाला हवा, हेराक्लायटसने अग्नी मानला. परीक्षेसाठी ही यादी उपयोगी असते, पण अशी विधाने कोणी गंभीरपणे का करावीत याचा उलगडा तीतून होत नाही. थेलीझची माहिती मुख्यतः ॲरिस्टॉटलच्या 'मेटाफिजिक्स'च्या पहिल्या भागातून मिळते. तेथे ॲरिस्टॉटल थेलीझच्या मताची कारणे स्वतः अंदाजाने सुचवतो, आणि पूर्वसूरींची सगळी मते स्वतःच्या चार कारणांच्या सिद्धान्ताकडे जाणारी वाटचाल म्हणून मांडतो. म्हणजे तत्त्वज्ञानाचा जो पहिला इतिहास आपल्या हाती आहे, तो स्वतःच एक युक्तिवाद आहे. माधवाचार्यांचा 'सर्वदर्शनसंग्रह'ही चार्वाकापासून आरंभ करून अद्वैताकडे चढत जातो. तटस्थ यादी देणे हा या दोन्ही ग्रंथांचा हेतू नव्हता.

२

मराठीत पाश्चात्य विचार प्रथम आला तो इतिहासाच्या रूपाने नव्हे, तर वादातील एक पक्ष म्हणून. आगरकरांनी मिल आणि स्पेन्सर वाचले ते बालविवाह, केशवपन, ग्रंथप्रामाण्य यांविषयी भूमिका घेण्यासाठी. १८८८ साली सुरू झालेल्या 'सुधारक'च्या वाचकाला मिलचे चरित्र कदाचित सांगता आले नसते, पण मिलच्या पद्धतीने प्रश्न विचारणे म्हणजे काय हे त्याला ठाऊक होते. १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या 'गीतारहस्या'त टिळकांनी उलट दिशेने तेच केले. आधिभौतिक सुखवादाचे त्यांनी केलेले परीक्षण हा उपयुक्ततावादाचा मराठीतील एक विस्तृत परिचय म्हणावा लागेल, आणि तो खंडनाच्या हेतूने लिहिला आहे. ऑगस्त काँतने मानवी ज्ञानाच्या तीन अवस्था मानल्या. त्यांच्यासाठी टिळकांनी आधिदैविक, आध्यात्मिक आणि आधिभौतिक ही जुनी संस्कृत नावे वापरली, मात्र श्रेष्ठतेचा क्रम फिरवून आध्यात्मिकाला अखेरचे स्थान दिले. काँतला हा क्रम मान्य झाला नसता, हे उघड आहे. पण वाचकाला एक गोष्ट निश्चित कळते : येथे काहीतरी पणाला लागले आहे.

स्वातंत्र्यानंतर, विशेषतः मराठी हे विद्यापीठीय शिक्षणाचे माध्यम झाल्यावर, वेगळी गरज निर्माण झाली. महाराष्ट्र विद्यापीठ ग्रंथनिर्मिती मंडळाने ग. ना. जोशी यांचा 'पाश्चात्य तत्त्वज्ञानाचा इतिहास' तीन खंडांत प्रसिद्ध केला. दे. द. वाडेकर यांच्या संपादकत्वाखाली १९७४ साली 'मराठी तत्त्वज्ञान-महाकोश' तीन खंडांत सिद्ध झाला. मे. पुं. रेगे यांचा 'पाश्चात्य नीतिशास्त्राचा इतिहास' आणि दि. य. देशपांडे यांचे 'अर्वाचीन पाश्चात्य तत्त्वज्ञान' हे ग्रंथही याच प्रयत्नाचे भाग होत. या कार्याचे मोल कमी लेखता येणार नाही. ग्रीकांपासून विसाव्या शतकापर्यंतचा विचार मराठीत सलगपणे मांडता येतो, हेच मुळात सिद्ध करायचे होते आणि ते सिद्ध झाले. परंतु या स्थित्यंतरात एक अदलाबदल घडली. पाश्चात्य तत्त्वज्ञान वादातील पक्ष होते, ते अभ्यासक्रमातील विषय झाले. आगरकर-टिळकांकडे व्यापकता नव्हती, पण निकड होती. पाठ्यग्रंथांत व्यापकता आली आणि निकड ओसरली. रेगे यांनी 'नवभारत'मधून आणि देशपांडे यांनी १९९० साली सुरू केलेल्या व लवकरच 'आजचा सुधारक' या नावाने ओळखल्या गेलेल्या मासिकातून ती निकड पुन्हा आणली, हे त्यांचे वेगळेपण. मात्र तो नियतकालिकांतील लेखनाचा गुण होता. परिचयग्रंथांच्या घडणीत तो पुरेसा उतरला नाही.

३

निकड ओसरण्याचे एक कारण परिभाषेत आहे. मराठी लेखकाला पाश्चात्य संज्ञांसाठी तयार संस्कृत शब्दांचे भांडार लाभते. हे वैभव जितके खरे तितकेच फसवे आहे, कारण ते शब्द रिकामे नाहीत. 'द्रव्य' म्हटले की न्याय-वैशेषिकांची नऊ द्रव्ये मागोमाग येतात. कांटच्या 'आभासा'त वेदान्तातील माया डोकावते. प्लेटोच्या 'आत्म्या'ला उपनिषदांचा स्वर लागतो.

देकार्तचे उदाहरण सर्वांत बोलके आहे. विचार करणारे तत्त्व आणि विस्तार असलेले तत्त्व अशी जी विभागणी त्याने केली, तिच्यातील पहिल्या पदासाठी मराठीत सर्रास 'मन' हा शब्द येतो. परंतु भारतीय दर्शनांत मन हे बहुधा अंतरिंद्रिय आहे. सांख्यांच्या मते तर मन, बुद्धी आणि अहंकार ही तिन्ही प्रकृतीची, म्हणजे जडाची, परिणती आहे. विभाजनरेषा मन आणि शरीर यांच्यामध्ये नसून पुरुष आणि प्रकृती यांच्यामध्ये आहे. १६४३ साली बोहेमियाची राजकन्या एलिझाबेथ हिने पत्र लिहून देकार्तला विचारले की, ज्याला विस्तारच नाही असा आत्मा शरीराला हालवतो कसा? आधुनिक तत्त्वज्ञानातील हा एक निर्णायक प्रश्न आहे. 'मन' या शब्दाने वाचणाऱ्या मराठी वाचकाला त्यात अडचण काय हेच कळू नये, कारण त्याच्या परंपरेत मन इंद्रियांच्याच रांगेत बसलेले आहे.

यावर इंग्रजी संज्ञा तशीच ठेवणे हा उपाय नव्हे. त्याने अडचण पुढे ढकलली जाते एवढेच. दोन परंपरांत रेषा वेगवेगळ्या ठिकाणी ओढल्या आहेत, हे मजकुरातच सांगणे हा खरा उपाय होय. असे सांगितले की दुहेरी लाभ होतो. देकार्तची अडचण सर्वकालीन नसून विशिष्ट विभागणीतून उद्भवलेली आहे, हे वाचकाला उमगते. आणि सांख्यांनाही तीच अडचण दुसऱ्या जागी, निष्क्रिय पुरुष आणि प्रकृती यांच्या संयोगाविषयी, भेडसावते हेही त्याच्या ध्यानी येते. इंग्रजी परिचयग्रंथाला सहज साधणार नाही असे हे कार्य मराठी परिचयग्रंथ करू शकतो. परिभाषेची अडचण हीच येथे त्याची संधी ठरते.

४

दुसरे कारण उदाहरणांचे. नीतिशास्त्रावरील प्रकरणांत इंग्रजी ग्रंथांतील उदाहरणे जशीच्या तशी येतात : बुडते जहाज, रुळांवरून सुटलेली गाडी. या उदाहरणांत माणसांना नावे नसतात, भूतकाळ नसतो, त्यामुळे प्रश्न कोड्यासारखा वाटतो. त्यांच्या जागी बदलापूरजवळील बारवी धरण घेतले तर काय होते, हे पाहण्यासारखे आहे.

महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाचे हे धरण १९७२ सालचे. पुढे त्याची उंची वाढवण्यात आली. त्याच्या पाण्यावर औद्योगिक वसाहती चालतात आणि मोठी नागरी लोकवस्ती तहान भागवते. जलाशयासाठी आणि नंतरच्या उंचीवाढीसाठी गावे आणि आदिवासी पाडे उठले. बेंथमच्या १७८९च्या ग्रंथातील तत्त्वानुसार हा हिशेब सरळ आहे : विस्थापित थोडे, लाभार्थी लक्षावधी. परंतु लाभार्थ्यांत उल्हासनगरही आहे. या शहराला स्वतःचे धरण नाही. आणि ते वसले तेच मुळी फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत आणलेल्या सिंधी निर्वासितांमधून. एका विस्थापित समाजाची तहान दुसऱ्या समाजाच्या विस्थापनातून भागते. बेरजेच्या गणितात ही गोष्ट कोठेही दिसत नाही, कारण तेथे सुखाचे प्रमाण मोजले जाते, ते कोणाचे हे मोजले जात नाही. उपयुक्ततावाद व्यक्तींचे वेगळेपण गांभीर्याने घेत नाही, हा रॉल्स यांचा १९७१ सालचा आक्षेप नेमका हाच आहे. पण बारवीच्या काठावर तो सूत्र म्हणून पाठ करावा लागत नाही.

कांटकडे वळल्यास एका शब्दाचे महत्त्व कळते. माणसाला कधीही साधन म्हणून वागवू नये, असे कांटचे मत सुलभ सारांशांत दिले जाते. १७८५च्या ग्रंथात तो म्हणतो ते वेगळे आहे : माणसाला 'केवळ' साधन म्हणून वागवू नये. हा शब्द गळला तर प्रत्येक धरण अनैतिक ठरते आणि कांट अव्यवहार्य म्हणून बाजूला पडतो. तो ठेवला तर प्रश्न धारदार होतो. विस्थापितांची संमती विचारली गेली का? पुनर्वसन पाणी साठण्याआधी झाले की नंतर? ज्या योजनेचे ते साधन झाले, तिच्या उद्दिष्टांत त्यांना वाटा होता का? सुलभीकरणात गळतात ते असेच छोटे शब्द, आणि बहुतेक वेळा युक्तिवादाचा भार त्यांच्यावरच असतो.

लॉकच्या बाबतीत उदाहरण त्याच्याच विरुद्ध साक्ष देते. जमिनीत श्रम मिसळल्याने स्वामित्व निर्माण होते, हे त्याचे १६८९च्या ग्रंथातील प्रतिपादन. ठाणे जिल्ह्याच्या डोंगरपट्ट्यात वरकस जमीन पिढ्यान्‌पिढ्या कसणाऱ्या, पण सातबाऱ्यावर नाव नसलेल्या कुटुंबाला हा युक्तिवाद आपला वाटावा. प्रत्यक्षात कॅरोलायना वसाहतीच्या कारभाराशी संबंध असलेल्या लॉकने त्याचा रोख अमेरिकेतील मूळ रहिवाशांकडे वळवला : जे कुंपण घालून शेती करत नाहीत, त्यांची जमीन मोकळीच समजावी. एकच युक्तिवाद कसणाऱ्याला हक्क देतो आणि फिरस्त्याचा हक्क काढून घेतो. मतसंग्रहात लॉक हा स्वातंत्र्याचा पुरस्कर्ता म्हणून एका ओळीत संपतो. समस्येतून वाचला तर तो संपत नाही.

५

अशा उदाहरणांवर एक आक्षेप संभवतो. स्थानिक प्रश्नांच्या कसोटीवर तत्त्ववेत्ते तपासू लागलो तर इतिहासाचा इतिहासपणा नष्ट होईल आणि प्रत्येक विचारवंत आपल्या गरजेचा साक्षीदार बनेल. टिळकांनी काँतचा क्रम फिरवला तो याच मोहापायी, असेही म्हणता येईल. आक्षेप वजनदार आहे. परंतु त्याचे उत्तर स्थानिक प्रश्न टाळण्यात नाही. बेंथमसमोर बारवी नव्हते. त्याच्यासमोर इंग्लंडमधील कायद्यांचा गोंधळ होता, आणि त्याचे गणित त्या गोंधळावरचे औषध होते. हे सांगितल्याशिवाय बारवीची कसोटी लावणे अन्यायाचे होईल. आणि एवढेच सांगून थांबणे म्हणजे बेंथमला संग्रहालयात ठेवणे होईल. पूर्वपक्ष त्याच्या पूर्ण बळानिशी मांडल्याखेरीज उत्तरपक्षाला अधिकार नाही, ही शास्त्रीय वादपद्धतीची शिस्त येथे उपयोगी पडते, आणि ती मराठी लेखकाला परकी नाही.

मराठीतील पुढच्या परिचयग्रंथाकडून म्हणून तीन किमान अपेक्षा ठेवता येतात. प्रत्येक मताआधी त्याची समस्या यावी. उसन्या संज्ञेसोबत तिचा जुना अर्थ आणि नवा अर्थ यांतील अंतर मजकुरातच सांगितले जावे. आणि निदान काही उदाहरणे अशी असावीत, की ज्यांचे उत्तर चुकल्यास कोणाचे तरी नुकसान होते हे वाचकाला माहीत असेल. अंबरनाथच्या महाविद्यालयातील विद्यार्थी जे पाणी पितो, त्याविषयी त्याला कांटच्या 'केवळ' या शब्दाने विचार करता आला, तर तो ग्रंथ सुलभ झाला असे म्हणता येईल. त्याची पाने किती आणि वाक्ये किती लांब, हा प्रश्न त्यानंतरचा.