कोलाजमधील बुद्धरूप

तथागतांच्या आकृतीवर व्यंगचित्रांचे आणि जाहिरातींचे तुकडे चिकटविलेले पाहून उपासकाच्या मनास धक्का बसणे स्वाभाविक आहे. तिबेटी चित्रकार गोंकर ग्यात्सो यांच्या कोलाजकृतींविषयी आमचेही प्रथम असेच झाले. परंतु धम्म 'एहिपस्सिको' आहे. तो पारखून घेण्यास सांगतो. म्हणून त्या कृतींकडे पुन्हा पाहणे आम्हांस अगत्याचे वाटले.

ग्यात्सो यांचा जन्म १९६१ साली ल्हासा येथे झाला. बीजिंगमध्ये त्यांनी चिनी चित्रपरंपरेचा आणि धरमशाला येथे थांगका-चित्रणाचा अभ्यास केला. पुढे ते लंडनला गेले. २००३ सालच्या 'माय आयडेंटिटी' या छायाचित्रमालेत ते चार वेगळ्या वेशांत चित्र रंगविताना दिसतात. माणूस एक, ओळखी चार. आणि प्रत्येक ओळख परिस्थितीने घडविलेली.

त्यांच्या बुद्धकृतींत थांगका-परंपरेची प्रमाणबद्ध रेषा कायम असते. तिच्या आत मात्र स्टिकर, कात्रणे व बोधचिन्हे दाटलेली असतात. दुरून शांत बुद्धरूप, जवळून बाजाराचा कोलाहल! न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात असलेली 'डिसेक्टेड बुद्ध' (२०११) ही याच मालिकेतील कृती होय.

येथे 'मिलिंदपञ्ह' आठवतो. चाक म्हणजे रथ नव्हे, आस म्हणजे रथ नव्हे. अवयवांच्या जुळणीस 'रथ' हे केवळ नाव, असे नागसेनांनी राजास पटवून दिले. अनात्मवादाचा हाच आशय ग्यात्सो कागदाच्या तुकड्यांतून मांडतात, असे आम्ही समजतो. त्यामुळे ही विटंबना आहे हा आक्षेप आम्हांस मान्य नाही.

आमचा आक्षेप निराळा आहे. या कृतींत तृष्णा दिसते. तिच्यापायी भरडला जाणारा माणूस क्वचितच दिसतो. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी दुःखाचा स्वीकार आणि दुःखाचे निवारण हाच धम्माचा पाया मानला. वस्तूंचा ढीग दाखविणारी कला तो ढीग कोणाच्या श्रमांवर उभा आहे हे विचारीत नसेल, तर तिचे निदान अर्धेच राहते.

तरीही ही कृती आपल्याही घरात डोकावते. १९५६ नंतर आपण बुद्धप्रतिमा घरोघरी आणली. आज तीच प्रतिमा शोभेची वस्तू म्हणून दुकानांत विकली जाते. आपल्या भिंतीवरील प्रतिमेच्या रेषेत आपण काय भरले आहे, शील की सजावट, हे प्रत्येकाने तपासून पाहावे.