गिटारवाल्याची कारकीर्द, बेंजोवाल्याची सुपारी

‘कारकीर्द’ हा शब्द आपण फार सहज वापरतो. लेखकाची कारकीर्द असते, पुढाऱ्याची असते, क्रिकेटपटूची असते. वाजविणाऱ्याला मात्र ती नुसत्या वाजविण्याने मिळत नाही. त्यासाठी तबकडी निघावी लागते, तबकडीच्या वेष्टनावर नाव छापले जावे लागते, आणि ते नाव वीस-तीस वर्षे जपून ठेवणारा एक लिहिता-वाचता वर्ग पाठीशी असावा लागतो. मुंबईतील रॉक संगीताविषयी अलीकडे जे लिहिले जाते ते वाचताना हा विचार मला सारखा टोचत राहिला. प्रश्न केवळ संगीताचा नाही, म्हणूनच तो येथे मांडतो आहे.

महेश तिनईकर यांचे उदाहरण घेऊ. मुंबईच्या इंग्रजी रॉकमध्ये अग्रभागी राहिलेला हा मराठी आडनावाचा गिटारवादक. १९८४ साली मुंबईत ‘रॉक मशीन’ हा बँड उभा राहिला, त्यात ते होते. उदय बेनेगल गायक, झुबिन बालापोरिया कीबोर्डवर, मार्क सेल्विन बेसवर, जयेश गांधी दुसऱ्या गिटारवर. आरंभी ही मंडळी परदेशी बँडांचीच गाणी वाजवीत; त्या काळी सगळेच तसे करीत. पुढे त्यांनी स्वतःची गाणी रचली. १९८८ साली ‘रॉक अँड रोल रेनिगेड’ आणि १९९० साली ‘द सेकंड कमिंग’ हे त्यांचे दोन आल्बम निघाले. १९९३ साली बँडने नाव बदलले व तो ‘इंडस क्रीड’ झाला. त्या नावाचा आल्बम १९९५चा. १९९७ साली बँड थांबला. बेनेगल आणि जयेश गांधी यांनी पुढे ‘आम्स फॉर शांती’ काढला. २०१० साली ‘इंडस क्रीड’ पुन्हा जुळला तेव्हा तिनईकर, बेनेगल, बालापोरिया हे जुने होते. बेस आणि ड्रमवर रशद मिस्त्री व जय राव-कवी हे तरुण आले. २०१२चा ‘इव्हॉल्व्ह’ हा त्यांचा आल्बम.

एवढा तपशील मी मुद्दाम दिला. तो देता येतो, हेच मला दाखवायचे आहे. साल, आल्बम, कोण आला, कोण गेला, सगळे नोंदलेले आहे.

तिनईकरांचे वादन मला आवडते, हे आधीच सांगून टाकतो. त्यांची गिटार गाण्याला बाजूला सारून स्वतःची मर्दुमकी दाखवीत नाही. आवाज फाडतानाही सूर हातचा सुटत नाही. ‘इव्हॉल्व्ह’मध्ये तर त्यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी गाण्याला पसरायला जागा दिली आहे, विशीतल्या घाईचे संगीत पन्नाशीच्या उंबरठ्यावर कसे सावकाश होते, ते तेथे ऐकावे. तेव्हा त्यांना खाली ओढण्यात मला रस नाही. माझे भांडण त्यांच्याविषयी वापरल्या जाणाऱ्या ‘बंडखोर’ ह्या विशेषणाशी आहे.

‘रेनिगेड’ म्हणजे आपल्या लोकांना सोडून गेलेला, बंड केलेला. कोणाविरुद्ध? १९८८च्या आरंभी बाबासाहेबांच्या ‘रिडल्स’साठी दलित जनता प्रचंड संख्येने मुंबईच्या रस्त्यावर उतरली होती. त्याच वर्षी हा आल्बम निघाला. धोबी तलावाच्या रंगभवनात १९८०च्या दशकात रॉकचे मेळे भरू लागले, ‘इंडिपेंडन्स रॉक’ही तेव्हाचाच. मोर्चा आणि मेळा ह्यांच्यात अंतर किती, तर चालत पोचावे इतके. पण दोन बंडांची गाठ पडली नाही. एकाची भाषा इंग्रजी होती आणि त्याला एक गिटार, एक ॲम्प्लिफायर लागत असे. परदेशी गिटार त्या काळी परदेशातून येणाऱ्या नातेवाइकाच्या सामानातून यावी लागे, नाहीतर कलकत्त्याच्या गिवसनवर भागवावे लागे. दुसऱ्याची भाषा मराठी होती आणि घसा हेच त्याचे वाद्य होते.

‘रॉक मशीन’ने आपली मुळे शोधण्याकरिता नाव बदलले तेव्हा ते कोठे गेले, हेही पाहण्यासारखे आहे. ते सिंधूपर्यंत गेले. पाच हजार वर्षे मागे जाणे त्यांना सोपे वाटले. गिरगावच्या मिरवणुकीत किंवा चेंबूरच्या जयंतीत तारा झणकारीत जाणारे वाद्य त्यांच्या कानांवर पडत असूनही ऐकू आले नाही. प्रस्थापितांच्या ‘भारतीयत्वा’चा हा नेहमीचा रस्ता आहे. तो प्राचीनाकडे जातो, शेजाऱ्याकडे जात नाही.

आता आपल्या बाजूचे पाहू, कारण चूक एकाच बाजूची नाही. १९७२ साली दलित पँथर उभी राहिली तेव्हा नावापासूनच तिने अमेरिकेतील काळ्यांच्या लढ्याशी नाते सांगितले. म. ना. वानखडे, जनार्दन वाघमारे यांनी निग्रो साहित्याची मराठीला ओळख करून दिली. लँग्स्टन ह्यूज, बाल्डविन ही नावे आपल्या चर्चासत्रांत रुळली. परंतु त्याच काळ्या माणसाने विजेच्या गिटारचे काय केले, हे आपण विचारले नाही. रॉक हे गोऱ्यांचे, श्रीमंत पोरांचे, केस वाढविणाऱ्यांचे म्हणून आपण ते मोडीत काढले. सिस्टर रोझेटा थार्प आणि चक बेरी ह्या काळ्या माणसांनी ते वाद्य घडविले, ही गोष्ट आपल्या लेखी आलीच नाही.

आणि जिमी हेंड्रिक्स! अनेक बँडांत वाजविणाऱ्या गिटारवादकाची कारकीर्द म्हणजे काय, हे त्याच्याकडून शिकावे. १९४२ साली सिअ‍ॅटलला जन्मलेला हा मुलगा १९६२ साली सैन्यातून सुटला आणि चार वर्षे दुसऱ्यांच्या मागे उभा राहून वाजवीत फिरला. आयझ्ली ब्रदर्सच्या मागे, लिटल रिचर्डच्या मागे, कर्टिस नाइटच्या मागे. दक्षिणेतील ज्या नाट्यगृहांत काळे प्रेक्षक आणि काळे वादक एवढेच असत, त्या वाटेवर. १९६५ साली एका निर्मात्याने त्याच्याकडून तीन वर्षांच्या करारावर सही घेतली. मोबदला एक डॉलर आणि एक टक्का. १९६६च्या अखेरीस लंडनला गेल्यावर बँडला त्याचे नाव लागले. नाव झाल्यावर तो एक डॉलरचा कागद पुढे आला, आणि तो मिटविण्यासाठी त्याला एक आख्खा आल्बम देऊन टाकावा लागला. तो आल्बम कोणता? बिली कॉक्स, बडी माइल्स आणि तो, अशा तिघा काळ्यांचा ‘बँड ऑफ जिप्सीज’, १९७०. त्याच वर्षी सप्टेंबरात तो गेला, वय सत्तावीस.

हेंड्रिक्सने बँड बदलले ते हौसेने नव्हे, निदान पहिली चार वर्षे तरी. पोट जेथे नेईल तेथे तो उभा राहिला. ह्या अर्थाने तो मला तिनईकरांपेक्षा आमच्याकडील एका माणसाच्या जवळचा वाटतो.

मी राहतो मुर्ध्याला. भाईंदर स्टेशनवरून उत्तनच्या रस्त्याला लागले की राई, मुर्धा, मोर्वा अशी गावे लागतात. पूर्वीपासून आगरी वस्ती, मिठागरे, पुढे उत्तनकडे ख्रिस्ती कोळी. आता १९८५ची नगरपालिका २००२ साली महापालिका झाली, इमारती आल्या, आणि राहणारे बरेचसे आमच्यासारखे बाहेरून आलेले. आमच्या वस्तीत एक बेंजो वाजविणारे गृहस्थ आहेत. सगळे त्यांना मास्तर म्हणतात. सत्तरी उलटलेली.

बेंजो म्हणजे अमेरिकेतला कातड्याचा बँजो नव्हे, हे शहरी वाचकासाठी सांगितले पाहिजे. जपानात १९१२च्या सुमारास ‘टायशोगोटो’ नावाचे एक वाद्य निघाले. लांबट पेटी, तिच्यावर तारा, आणि टाइपरायटरसारख्या चाव्या. डाव्या हाताने चावी दाबायची, उजव्या हाताने तार छेडायची. आपल्याकडे ते ‘बुलबुल तरंग’ झाले. पण मुंबई-ठाण्या-कोकणातील पोरांनी त्याला पिकअप जोडला, वायर ॲम्प्लिफायरला लावली, आणि आवाज भोंग्यांतून सोडला. त्या भोंग्यातून तो आवाज फुटतो, चरचरतो, पण ढोल-ताशांच्या वर तरंगत राहतो. परदेशी गिटारवादक जो ‘फाटलेला’ आवाज मिळविण्यासाठी पायाखाली खास यंत्रे ठेवतात, तो आमच्याकडे स्वस्त ॲम्प्लिफायरने फुकट दिला. हे आमचे विजेचे गिटार होते. पण रॉकवर लिहिणाऱ्यांच्या नोंदीत त्याला जागा नाही.

मास्तरांनी आयुष्यात सात पार्ट्या केल्या. पहिली भीमगीतांची गायनपार्टी, नंतर कव्वालीची, मग एक ऑर्केस्ट्रा, त्यात ते खरीखुरी गिटारही दोन वर्षे वाजवीत, मग बेंजो पार्ट्या, एक मोडली की दुसरी. हंगाम ठरलेला. एप्रिलात जयंती, मेपर्यंत लग्ने, मग पावसाळ्याची बेकारी, भाद्रपदात गणपती, पुढे नवरात्र. आगऱ्यांच्या हळदीला तेच, उत्तनकडच्या ख्रिस्ती लग्नाला तेच, विसर्जनाला तेच, १४ एप्रिलला तेच. सुपारी देणारे बदलत, सूर बदलत, हात एकच. “मांडवात नाचायला आमची तार चाले, जेवायला मात्र पान मागच्या बाजूला पडे,” असे ते एकदा म्हणाले. कोणाचा मांडव, ते त्यांनी सांगितले नाही आणि मीही विचारले नाही.

‘सुपारी’ आणि ‘कारकीर्द’ ह्या दोन शब्दांत सगळा फरक आहे. सुपारी एका रात्रीची असते. पहाटे हिशोब झाला की ती संपली. तिची बेरीज होत नाही. मास्तरांच्या पन्नास वर्षांची बेरीज कोणी केलेली नाही. सिगारेट कंपनीने भरविलेल्या ‘सिमला बीट’ स्पर्धांच्या १९७० व १९७१च्या तबकड्या आजही शौकीन शोधीत फिरतात, त्या कॉलेजी बँडांवर सिद्धार्थ भाटियांसारख्या पत्रकाराने ग्रंथ लिहिला. चांगलेच केले. पण बेंजो पार्ट्यांचे काय?

येथे एक अडचणीची गोष्ट नोंदविली पाहिजे. आपल्या चळवळीनेही ही बेरीज केली नाही. भीमराव कर्डकांचे जलसे, वामनदादा, विठ्ठल उमप, प्रल्हाद शिंदे, विलास घोगरे, ही नावे आपण घेतो आणि घेतलीच पाहिजेत. परंतु ही सर्व नावे शब्दाची आणि गळ्याची आहेत. भीमगीतांच्या जुन्या कॅसेटी मी जमविल्या आहेत. वेष्टनावर गायकाचा फोटो, कवीचे नाव, संगीतकाराचे नाव, कंपनीचा पत्ता. बेंजो कोणाचा, ढोलकी कोणाची? बहुतेक वेष्टनांवर त्यांना जागा नाही. आपण शब्दाला विद्रोह मानला आणि वाजविणाऱ्याला साथीदार. ही उतरंड आपण कोणाकडून घेतली, ह्याचा विचार व्हावा.

मास्तरांचे नाव मी येथे छापलेले नाही, हे वाचकांच्या ध्यानात आले असेल. मी विचारले होते. ते स्वतः तयार होते. त्यांचा मुलगा नको म्हणाला. तो शिकलेला, चांगल्या नोकरीत. त्याच्या मुलीच्या लग्नाचे बोलणे चालू आहे. “सर, आजोबा ‘वाजवणारे’ होते हे छापून काय मिळणार?” असे त्याने विचारले. मला राग आला नाही. हलगी आणि डफ गावकीने मांग-महारांच्या गळ्यात अडकविले होते. ते वाजविणे हे काम नव्हते, जातीची खूण होती. १९५६नंतर गावोगाव आपल्या लोकांनी ती वाजवायचे नाकारले, त्यासाठी मार खाल्ला, बहिष्कार सोसले. त्या नकाराचा हा नातू आहे. त्याच्या कानाला ‘वाजवणारा’ हा शब्द अजून गावकीचाच लागतो.

पण मास्तरांना तसा लागत नाही, आणि त्याचे कारण त्यांनी फार सरळ सांगितले. “बेंजोला कातडं नाही,” ते म्हणाले. गावकीत ह्या वाद्याचे नावच नव्हते. ते जपानातून आले, विजेवर चालले, बाजारात पैसे टाकून विकत घेतले. कोणाच्या वतनात ते लिहिलेले नव्हते. बापाने हलगी टाकली आणि मुलाने बेंजो उचलला, ह्यात मला विसंगती दिसत नाही. तो नकाराचाच पुढचा भाग आहे. कवितेतील नकारावर आपण पानेच्या पाने लिहिली. हा नकार मात्र आपल्या समीक्षेच्या नजरेस पडला नाही.

मद्रासकडील पोरांनी दुसरी वाट धरली आहे. पा. रंजित आणि तेन्मा यांच्या ‘कास्टलेस कलेक्टिव्ह’ने २०१८च्या जानेवारीत चेन्नईत पहिला मोठा कार्यक्रम केला. नाव अयोथी दास पंडितांच्या ‘जातिहीन तमिळ’ ह्या कल्पनेवरून घेतलेले. त्यांनी विजेच्या गिटारशेजारी परई ठेवली, म्हणजे तेच कातडी वाद्य, जे तिकडे परयांच्या जातीची खूण होते. टाकलेले वाद्य त्यांनी स्वतःच्या अटीवर पुन्हा उचलले. मुंबईत कबीर शाक्य यांच्या ‘धम्म विंग्ज’ने बुद्ध आणि बाबासाहेबांची गाणी रॉकच्या थाटात आणली. दोन्ही प्रयत्नांत वादकांची नावे लोकांसमोर येतात, हे मला त्यांच्या संगीताइतकेच महत्त्वाचे वाटते. ‘धम्म विंग्ज’विषयी माझी तक्रार एवढीच, की शेजारच्या बेंजोचा आवाज त्यांच्याही गाण्यांत मला अजून सापडलेला नाही.

आज डीजेच्या भिंतींनी बेंजोचे काम पुष्कळ हिरावले आहे. मास्तरांच्या सातव्या पार्टीतले तिघे रिक्षा चालवितात, एक सुरक्षारक्षक आहे. माझ्या वर्गातल्या काही विद्यार्थ्यांना मी गेल्या जयंतीला वह्या देऊन वस्त्यांत पाठविले. रकाने असे: वाद्य, पार्टी, किती वर्षे, कोणाकडून शिकले, बिदागी किती, आणि नाव छापायला हरकत आहे का. बावीस माणसे मिळाली. शेवटच्या रकान्यात चौदा जणांनी ‘घरी विचारून सांगतो’ असे लिहविले आहे. त्यांपैकी पाच जणांचे उत्तर आले, ते होकाराचे आहे.