‘मी डोलकर’ : युगुलस्वरातील कोळीजीवनाचे चित्रण

प्रस्तावना :
मराठी सुगम संगीतात कोळीगीताला जी लोकमान्यता लाभली, तिचे मोठे श्रेय शान्ता शेळके यांचे शब्द आणि हृदयनाथ मंगेशकर यांचे संगीत असलेल्या ध्वनिमुद्रित कोळीगीतांना द्यावे लागते. लता मंगेशकर व हेमंतकुमार यांच्या स्वरांतील ‘मी डोलकर’ हे युगुलगीत त्यांत अग्रस्थानी आहे. उरण-करंज्यापासून मुरूडपर्यंतच्या रायगड किनाऱ्यावर आणि शाळा-महाविद्यालयांच्या स्नेहसंमेलनांतही ‘कोळीनृत्य’ म्हटले की हेच गीत आठवते. म्हणूनच त्यातील जीवनचित्र कितपत यथार्थ आहे, हे तपासणे आवश्यक ठरते.

विवेचन :
इंदापूर येथे जन्मलेल्या (1922) या कवयित्रीने कोळी बोलीची उच्चारलकब गीतात कौशल्याने योजिली आहे. हेमंतकुमारांचा खर्जातील धीरगंभीर स्वर आणि लताबाईंचा चपळ, उंच स्वर यांच्या योजनेत भरती-ओहोटीची लय जाणवते. येथे दोन स्वर ही केवळ गायनाची सोय नसून दोन जगे आहेत : एक पाण्यावरचे, दुसरे कोळीवाड्यातले.

तथापि या विभागणीतच गीताची मर्यादा दडलेली आहे. ‘डोल’ हे भरती-ओहोटीच्या प्रवाहात खुंटांना अगर नांगरांना बांधून ठेवले जाणारे पिशवीसारखे जाळे होय. बोंबील, जवळा यांची मासेमारी मुख्यत्वे त्यावर चालते. गीताचा नायक स्वतःला डोलकर म्हणवितो, परंतु शेवटच्या कडव्यात उल्लेख येतो तो रापणीचा, म्हणजे किनाऱ्यावरून ओढावयाच्या जाळ्याचा. दोन भिन्न व्यवसायपद्धतींची ही सरमिसळ श्रोत्याला खटकत नाही, कारण श्रोता किनाऱ्यावरचा नाही.

याहून महत्त्वाचा प्रश्न स्त्रीचित्रणाचा आहे. गीतातील कोळीण साडीचोळी, नथ, केसांतील चाफा आणि पुनवेचे नृत्य यांत रमते. मासळी बाजारात नेतो तो पुरुष. प्रत्यक्षात मासळी निवडणे, बोंबील वाळविणे, पाटी घेऊन बाजार गाठणे आणि घासाघीस करून घरात पैसा आणणे ही कामे प्रामुख्याने कोळी स्त्रीची आहेत. समाजातील तिचा दरारा याच आर्थिक व्यवहारातून आला आहे. गीताने तिला दागिने दिले. पण तिची पाटी मात्र काढून घेतली.

येथे कवयित्रीला दोष देऊन भागणार नाही. मधल्या कडव्यात समुद्राचे भय आणि वाट पाहणारीची व्याकुळता येते. याच कवयित्री-संगीतकारांच्या ‘वादळवारं सुटलं गो’मध्ये तर तुफानात होडी लोटणाऱ्याच्या काळजीने घाबरलेली स्त्री एकटी बोलते. युगुलगीताला प्रसन्नता हवी असते. भीती मात्र एकल स्वराच्या वाट्याला येते. अर्थात, रचनाप्रकारच आशयाची निवड करतो, असे यावरून दिसते.

निष्कर्ष :
‘मी डोलकर’ ही स्वररचना म्हणून श्रेष्ठ कृती आहे. समाजाचा दस्तऐवज म्हणून ती अपुरी आहे. कोळी समाजाची ओळख बाहेरच्यांनी रचलेल्या सुंदर गीतावरून ठरू लागते, तेव्हा त्या समाजाचे श्रम अदृश्य होण्याचा धोका संभवतो. यास्तव हे गीत अध्यापनात घेताना त्याच्या शेजारी लग्नप्रसंगी धवलारिणींनी गायिलेली पारंपरिक गीते व बाजारातील कोळिणीची बोली ठेवणे इष्ट ठरेल.