पंडिता रमाबाईंच्या आत्मपर लेखनातील भूक व ख्रिस्ती करुणा : एक समीक्षा

प्रस्तावना :
ख्रिस्ती धर्मविचारात भुकेल्यास अन्न देणे हे निव्वळ पुण्यकर्म नाही. मत्तयाच्या शुभवर्तमानातील अंतिम न्यायाच्या दृष्टांतात ख्रिस्त स्वतःस भुकेल्याच्या जागी उभा करतो. त्यामुळे दाता वर आणि याचक खाली ही उतरंडच तेथे उलटी होते. मराठी मुलखात या विचाराची कसोटी दुष्काळात लागली. पंडिता रमाबाई (१८५८-१९२२) यांचे १८९७ मधील दुष्काळविषयक निवेदन व १९०७ मधील साक्षीपर आत्मकथन यांच्या आधारे या करुणेचे स्वरूप तपासण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

भुकेचा स्वानुभव :
रमाबाईंचे लेखन दात्याचे नाही, ते भुकेल्याचे आहे. पुराणे सांगत तीर्थाटन करणारे डोंगरे कुटुंब दुष्काळात सापडले. झाडाचा पाला व रानातील खजूर यांवर त्यांनी दिवस काढले. आई, वडील व थोरली बहीण यांना मृत्यूने ओढून नेले. या प्रसंगांचे वर्णन करताना रमाबाई स्वतःच्या कुटुंबासही सोडत नाहीत. जवळचे द्रव्य दानधर्मात व देवकार्यात संपले. पुढे भीक मागण्याची लाज वाटली, अंगमेहनतीची कामे करण्यास उच्चवर्णाचा अभिमान आड आला आणि पोट भरण्याची व्यवहारोपयोगी विद्या तर कोणीच शिकवली नव्हती, अशी कबुली त्या देतात. या लेखनाचे खरे सामर्थ्य या आत्मपरीक्षणात आहे.

करुणेचे दर्शन :
१८८३ साली इंग्लंडमध्ये रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. तेथे समाजाने टाकून दिलेल्या स्त्रियांची सेवा करणाऱ्या ख्रिस्ती भगिनींचे कार्य त्यांनी पाहिले. या ममतेचे मूळ त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातील शोमरोनी स्त्रीच्या कथेत सापडले. तात्पर्य, तत्त्वज्ञानाच्या वादापेक्षा करुणेची प्रत्यक्ष कृती त्यांना अधिक निर्णायक वाटली.

अन्नाकडून श्रमाकडे :
१८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या. आपला वर्धा जिल्हा तेव्हा याच प्रांतात होता. तेथील निराधार मुली व विधवा यांना त्यांनी सोबत आणले. केडगाव येथे मुक्ती सदन उभे राहिले. १९०० च्या गुजरातमधील दुष्काळानंतर तेथील आश्रितांची संख्या सुमारे १९०० झाली. विशेष म्हणजे हे कार्य अन्नछत्रापाशी थांबले नाही. शेती, विणकाम, शिवणकाम, छपाई असे उद्योग तेथे शिकविले गेले. स्वतःच्या कुटुंबास ज्या अज्ञानाने व अभिमानाने उपाशी ठेवले, त्याचेच हे उत्तर होते.

लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'शी येथे तुलना उद्बोधक ठरते. पती नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाल्यानंतरही लक्ष्मीबाईंनी आपले सोवळे जपले. कोणाच्याही हातचे अन्नपाणी घेण्यापर्यंतचा त्यांचा प्रवास विनोदाच्या अंगाने येतो. रमाबाईंचा सूर मात्र गंभीर व साक्षीचा आहे. तथापि सूर भिन्न असले तरी, अन्नापूर्वी अहंकार सुटावा लागतो, हे सूत्र दोहोंत समान आहे.

मर्यादा व आक्षेप :
या करुणेची चिकित्सा टाळता येणार नाही. शारदा सदनातील धर्मांतराच्या प्रश्नावरून १८९३ मध्ये वाद पेटला. 'केसरी'ने कठोर टीका केली. न्यायमूर्ती रानडे व डॉ. भांडारकर यांनीही सल्लागार मंडळाशी असलेला संबंध तोडला. मुक्ती सदनात तर ख्रिस्ती उपासना उघडच होती. ज्या मुलीला अन्य आसरा नाही, तिच्या श्रद्धेची निवड कितपत मुक्त असते ? हा प्रश्न आजही रास्त आहे. साक्ष देण्याच्या ओघात रमाबाई या प्रश्नाशी पुरेशा थांबत नाहीत, ही या लेखनाची मर्यादा होय. परंतु आक्षेप घेणाऱ्यांपैकी किती जण त्या मुलींपर्यंत भाकरी घेऊन पोहोचले होते, हा प्रतिप्रश्नही तितकाच रास्त आहे.

समारोप :
रमाबाईंच्या लेखनातील करुणा भुकेच्या स्मृतीतून जन्मते, अहंकाराच्या कबुलीतून शुद्ध होते आणि श्रमाच्या शिक्षणात स्थिरावते. श्रद्धेच्या स्वातंत्र्याबाबतचा प्रश्न शिल्लक ठेवूनही मराठी आत्मपर वाङ्मयाच्या अभ्यासकाने हे लेखन केवळ धर्मांतराची कैफियत म्हणून न वाचता भुकेल्या माणसाने लिहिलेला अन्नाचा विचार म्हणून वाचणे आवश्यक आहे.