‘कोयता’ या शब्दात गडप झालेली बाई

बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्री सरकारवर, कारखान्यावर, दवाखान्यावर विश्वास ठेवत नाही, म्हणून पांढरपेशा वर्ग तिला अडाणी ठरवतो. मी तिच्या अविश्वासाला अनुभवाने कमावलेले ज्ञान मानतो.

उचल घेताना नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो. या एका शब्दात बाई गडप होते. कारखान्याचा करार मुकादमाशी. हजेरीपटावर तिचे नाव नसते. एक दिवस चुकला की ‘खाडा’ आणि त्याचा दंड. पाळीच्या दुखण्याला रजा नाही. मग पिशवीच काढून टाकण्याचा सल्ला तिला परवडणारा वाटू लागतो. २०१९ साली नीलम गोऱ्हे समितीसमोर आलेल्या पाहणीत जिल्ह्यातील ८२ हजारांवर ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. हा आकडा उघड होईपर्यंत शासनाची आरोग्ययंत्रणा काय करीत होती?

आपल्या साहित्यालाही हा प्रश्न टाळता येणार नाही. आपण मुकादमाला खलनायक करून मोकळे होतो. त्याच्या आडोशाला सुरक्षित बसलेला कारखाना आपल्या कथेत क्वचितच येतो. व्यवस्था अशी एका माणसात आटवली की विद्रोहही आटतो.

प्रबोधनाच्या व्याख्यानांनी तिचा अविश्वास जाणार नाही. आधी हजेरीपटावर तिचे स्वतंत्र नाव आले पाहिजे.