पाहणी, टक्केवारी आणि मथळा : एका अर्थांतराची चिकित्सा

व्यापारी संस्थेने ग्राहकांची पाहणी करावी, यात नवे काही नाही. आपला माल कोण घेतो, का घेतो आणि न घेणारा तो का घेत नाही, हे जाणून घेण्याची गरज प्रत्येक उत्पादकाला असते. त्या गरजेतून झालेली पाहणी बहुधा कंपनीच्या कपाटातच राहते. प्रस्तुत लेखाचा विषय असलेली पाहणी निराळी आहे. ती मुळात छापून येण्यासाठीच केलेली असते. तिचे निष्कर्ष प्रसिद्धिपत्रकाच्या रूपाने वृत्तपत्राकडे जातात, वृत्तपत्र ते बातमी म्हणून छापते, आणि बातमीच्या ओघात ब्रँडचे नाव सहज येऊन जाते. जागेचे पैसे पडत नाहीत. शिवाय जाहिरातीला जी विश्वासार्हता प्रयासानेही लाभत नाही, ती बातमीला आपोआप लाभते. जनसंपर्काच्या व्यवसायात हिला विकत घेतलेली नव्हे, तर ‘मिळवलेली’ प्रसिद्धी म्हणतात.

या प्रथेवर होणारी टीका सामान्यतः संख्याशास्त्राच्या बाजूने होते. नमुना लहान होता, निवड एकांगी होती, असे तिचे स्वरूप असते. ही टीका योग्य आहे, पण अपुरी आहे. नमुना सर्वस्वी निर्दोष असूनही मथळा असत्य ठरू शकतो. कारण दोष पुष्कळदा आकड्यात नसून आकड्याभोवती रचलेल्या वाक्यात असतो. पाहणीतील प्रश्न हा तिच्या उत्तराचाच एक भाग असतो. प्रश्न गाळून उत्तर छापले की ते मूळ विधान राहत नाही. दुसरेच एक विधान जन्माला येते. या अर्थांतराची चिकित्सा करणे हे भाषाभ्यासकाचे काम आहे.

१

या प्रथेचे एक आरंभीचे आणि बोलके उदाहरण अमेरिकेतील आहे. जनसंपर्क-व्यवसायाच्या आद्य प्रवर्तकांपैकी एक असलेले एडवर्ड बर्नेज (१८९१–१९९५) यांच्याकडे १९२० नंतरच्या दशकात बीच-नट ही खाद्यपदार्थांची कंपनी आली. कंपनीला बेकनचा, म्हणजे खारवलेल्या डुकराच्या मांसाचा, खप वाढवायचा होता. बर्नेज यांनी उत्तरायुष्यात सांगितलेली हकीकत अशी : हलकी न्याहारी बरी की भरपेट, असे त्यांनी एका डॉक्टराला विचारले. भरपेट बरी, असे उत्तर मिळताच त्याच डॉक्टराकरवी सुमारे ५,००० डॉक्टरांना पत्रे धाडण्यात आली. सुमारे ४,५०० जणांनी दुजोरा दिला. ही गोष्ट वृत्तपत्रांत मोठ्या मथळ्यांनी झळकली, आणि अशा न्याहारीत बेकन व अंडी असावीत असा मजकूरही अनेक पत्रांत तिच्या जोडीने आला.

या हकीकतीतील वाक्यांचा क्रम लक्षपूर्वक पाहण्याजोगा आहे. डॉक्टरांना विचारलेला प्रश्न न्याहारीच्या प्रमाणाविषयी होता, पदार्थाविषयी नव्हता. त्यांचा होकार ‘भरपेट’ या विशेषणाला होता. बेकनची शिफारस त्यांच्यापैकी कोणाच्याही उत्तरात असण्याचे कारण नव्हते. तरीही दोन वाक्ये शेजारी ठेवली की वाचक त्यांच्यात कार्यकारणाचा दुवा स्वतःच जोडतो. वाक्यांच्या नुसत्या सान्निध्यातून हा अर्थ उपजतो, आणि त्याचे उत्तरदायित्व कोणावरच येत नाही. डॉक्टर खोटे बोलले नव्हते. वृत्तपत्राने आकडा बदलला नव्हता. बर्नेज यांनी तर कोणतेच विधान स्वतःच्या नावाने केले नव्हते.

२

सान्निध्यापेक्षाही सूक्ष्म असे अर्थांतर प्रश्नाच्या रचनेतून घडते. एकमेकांविरुद्ध दिशांनी जाणारी दोन उदाहरणे ताडून पाहिल्यास ते स्पष्ट होईल.

पहिले उदाहरण ब्रिटनमधील कोलगेटच्या भित्तिजाहिरातीचे. ८० टक्क्यांहून अधिक दंतवैद्य कोलगेटची शिफारस करतात, असा तिचा आशय होता. तेथील जाहिरात-मानक प्राधिकरणाने २००७ च्या जानेवारीत ती दिशाभूल करणारी ठरविली. ज्या पाहणीचा आधार होता, तिच्यात दंतवैद्यांना एकाहून अधिक ब्रँडांची नावे सांगण्याची मुभा होती, आणि एका प्रतिस्पर्धी ब्रँडची शिफारसही जवळजवळ तितक्याच जणांनी केली होती. वाचक मात्र त्या वाक्याचा अर्थ असा घेणार, की ८० टक्के दंतवैद्य इतरांना वगळून कोलगेट सुचवितात आणि उरलेल्या २० टक्क्यांतच बाकीचे ब्रँड येतात.

दुसरे उदाहरण डव्ह या ब्रँडने २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘द रिअल ट्रूथ अबाउट ब्यूटी’ या अहवालाचे. १० देशांतील ३,२०० स्त्रियांच्या मुलाखतींवर तो आधारलेला होता, आणि नॅन्सी एट्कॉफ व सूझी ऑर्बाख या अभ्यासिकांचा त्यात सहभाग होता. म्हणजे नमुना लहान किंवा काम उथळ, असा आक्षेप येथे सहजी घेता येत नाही. स्त्रियांपुढे विशेषणांची एक यादी ठेवून, स्वतःच्या रूपाचे वर्णन करण्यास त्यांतील कोणता शब्द योग्य वाटतो, असे विचारण्यात आले. ‘नैसर्गिक’ आणि ‘सर्वसामान्य’ या अर्थांच्या शब्दांना सर्वाधिक पसंती मिळाली. ‘सुंदर’ या अर्थाचा शब्द निवडणाऱ्या स्त्रिया २ टक्के निघाल्या. ‘जगातील केवळ २ टक्के स्त्रिया स्वतःला सुंदर समजतात’ अशा आशयाने हा आकडा वृत्तपत्रांतून जगभर फिरला, आणि त्याच पायावर त्या ब्रँडची एक प्रदीर्घ जाहिरात-मोहीम उभी राहिली.

यादीतून एक शब्द निवडणे म्हणजे उरलेले शब्द नाकारणे नव्हे. स्वतःला ‘नैसर्गिक’ म्हणणारी स्त्री ‘मी सुंदर नाही’ असे म्हणत नसते. ‘मी सुंदर आहे, हे तुम्हांला मान्य आहे का?’ असा प्रश्न सरळ विचारला असता, तर उत्तराचे प्रमाण निराळे येऊ शकले असते. कारण तो प्रश्नच निराळा आहे. कोलगेटच्या प्रकरणात अनेक निवडींची मुभा असताना ती एकच निवड असल्याचे भासविले गेले. डव्हच्या प्रकरणात एका निवडीला इतर सर्वांच्या नकाराचा अर्थ चिकटला. दोन्ही ठिकाणी आकडा खरा होता. दोन्ही ठिकाणी गाळला गेला तो प्रश्नच.

भारतीय साहित्यशास्त्राच्या परिभाषेत सांगावयाचे, तर ही वाक्ये अभिधेने सत्य आणि व्यंजनेने असत्य आहेत. आनंदवर्धनाने ध्वनीचा विचार काव्याच्या संदर्भात केला. पॉल ग्राइस या तत्त्वज्ञाने विसाव्या शतकात रोजच्या संभाषणातील सूचित अर्थाची उपपत्ती मांडली. बोलणारा आवश्यक तेवढे सांगतो आणि महत्त्वाचे दडवीत नाही, या विश्वासावर संवाद चालतो, हा ग्राइस यांच्या विवेचनाचा गाभा आहे. पाहणीची बातमी नेमक्या याच विश्वासावर उभी असते. ब्रिटिश प्राधिकरणाने वाक्याचा वाच्यार्थ न पाहता वाचकाला प्रतीत होणारा अर्थ प्रमाण मानला, ही भाषाविचाराच्या दृष्टीने मोठी उचित गोष्ट होती.

डव्हच्या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. विशेषणांची यादी एका भाषेतून दुसऱ्या भाषेत नेली की तिच्यातील शब्दांची परस्परांपासूनची अंतरे बदलतात. मराठी त्या पाहणीत नव्हती. परंतु कल्पना म्हणून हा प्रश्न मराठी स्त्रीपुढे ठेवून पाहावा. ‘सुंदर’ हे विशेषण येथे बहुधा दुसऱ्याविषयी योजले जाते. स्वतःविषयी बोलताना ‘चारचौघींसारखी’ किंवा फार तर ‘नाकीडोळी नीटस’ एवढेच म्हणण्याची रीत आहे. त्या संकोचात आत्मविश्वासाचा अभाव किती आणि बोलण्याची मर्यादा किती, हे टक्केवारी सांगू शकत नाही. भाषेतील विनयाचा संकेत मनातील न्यूनगंड म्हणून मोजला जाण्याचा धोका येथे उघड आहे.

३

मराठीत ‘म्हणे’ हा एक लहानसा शब्द आहे. ‘यंदा पाऊस लवकर येणार म्हणे’ असे म्हणणारा माणूस बातमी देतो, पण तिची हमी देत नाही. ऐकणाऱ्यालाही ती ऐकीव असल्याची जाणीव राहते. माहितीचा उगम वाक्यातच नोंदविण्याची ही सोय बोलीने पिढ्यान्‌पिढ्या जपली आहे. पाहणीच्या मथळ्यात घडते ते याच्या उलट. काही माणसांनी, काही विशिष्ट पर्यायांतून, पैसे देणाऱ्या एका संस्थेच्या वतीने विचारले असता दिलेले उत्तर हे मुळात एक ऐकीव विधानच असते. परंतु त्याला टक्केवारी जोडली की ‘म्हणे’ गळून पडते आणि ‘आहे’ उरते.

आकडा जितका काटेकोर, तितका हा परिणाम गडद होतो. आर. जे. रेनॉल्ड्स या तंबाखू-कंपनीने १९४६ पासून कॅमल सिगारेटची जी मोहीम चालविली, तिच्यात १,१३,५९७ डॉक्टरांच्या पाहणीचा दाखला दिला जात असे, आणि इतर कोणत्याही सिगारेटपेक्षा कॅमल ओढणारे डॉक्टर अधिक, असे सांगितले जात असे. एवढा नेमका आकडा पाहून मोजणीविषयी शंका घेण्याचे कोणाला सुचणार? वैद्यकीय परिषदांच्या ठिकाणी डॉक्टरांना आधी कॅमलची पाकिटे फुकट वाटून मग प्रश्न विचारले जात, ही गोष्ट इतिहास-संशोधकांनी पुढे उजेडात आणली. तोवर त्या वाक्याने आपले काम केले होते, आणि त्याची किंमत वाचकांच्या फुप्फुसांनी मोजली होती.

४

या प्रथेच्या बाजूनेही काही म्हणता येते, आणि ते ऐकून घेणे न्यायाचे आहे. डव्हच्या अहवालाने सौंदर्याच्या संकुचित कल्पनांविषयी एक आवश्यक चर्चा सुरू केली, हे नाकारता येत नाही. खर्चिक पाहण्या करण्याचे बळ वृत्तपत्रांकडे क्वचितच असते. शिवाय, अशा बहुतेक बातम्या निरुपद्रवी असतात. त्या वाचून कोणाचे काही बिघडत नाही, असेही म्हटले जाते.

या शेवटच्या समर्थनातच खरी अडचण आहे. कार्डिफ विद्यापीठातील संशोधकांनी ब्रिटनच्या पाच प्रमुख दैनिकांतील २,२०७ देशांतर्गत बातम्या तपासल्या. त्यांपैकी ६० टक्के बातम्या पूर्णतः किंवा मुख्यतः वृत्तसंस्थांच्या अथवा प्रसिद्धियंत्रणांच्या तयार मजकुरावर बेतलेल्या आढळल्या. निक डेव्हिस यांच्या २००८ मधील ‘फ्लॅट अर्थ न्यूज’ या पुस्तकाने हा निष्कर्ष सर्वदूर पोहोचविला. तयार मजकूर छापण्याची सवय निरुपद्रवी विषयांवर जडते, आणि नंतर ती विषयाचा भेद पाळीत नाही.

दुसरे असे, की तेच वाक्य जाहिरातीत आले तर त्याचा जाब विचारता येतो. भारतात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ मध्ये सेन्सोडाइन टूथपेस्टच्या जाहिराती बंद करण्याचा आदेश दिला आणि १० लाख रुपयांचा दंड केला. जगभरचे दंतवैद्य शिफारस करतात, असा जाहिरातीतील दावा होता. त्याच्या समर्थनार्थ कंपनीने सादर केलेल्या पाहण्या मात्र केवळ भारतातील दंतवैद्यांच्या होत्या. ‘जगभर’ या एका शब्दाचा पुरावा येथे मागितला गेला. हेच विधान पाहणीचा निष्कर्ष म्हणून बातमीत छापले गेले असते, तर तो पुरावा कोणी मागितला असता? बातमी वृत्तपत्राची म्हणून कंपनी मोकळी, आणि निष्कर्ष कंपनीचा म्हणून वृत्तपत्र मोकळे. जाहिरातीला जे नियम आहेत, त्यांतून सुटण्याचा मार्ग बातमीच्या स्तंभातून जातो, ही या प्रथेची सर्वांत गंभीर बाजू होय.

५

उपाय अवघड नाही. २००४ मध्ये स्थापन झालेल्या ब्रिटिश पोलिंग कौन्सिलने आपल्या सभासद-संस्थांवर असे बंधन घातले, की निष्कर्ष प्रसिद्ध झाल्यावर पाहणी कोणासाठी केली, केव्हा केली, किती जणांना विचारले आणि प्रश्नांचे शब्द कोणते होते, हे उघड करावे. हे बंधन सभासदांपुरते आहे. तत्त्व मात्र सर्वत्र लागू पडणारे आहे. प्रश्नाचे मूळ शब्द, दिलेले पर्याय आणि खर्च करणाऱ्याचे नाव, या तीन गोष्टी बातमीत नसतील, तर संपादकाने टक्केवारी छापू नये.

मराठी वृत्तपत्रांच्या बाबतीत चौथी गोष्टही जोडावी लागेल. असा मजकूर त्यांच्याकडे पुष्कळदा इंग्रजीतून येतो. एखाद्या वस्तूला दुसरीपेक्षा अधिक पसंती, हा इंग्रजी क्रियापदातील तुलनेचा अर्थ ‘पसंत करतात’ या मराठी क्रियापदात उतरतोच असे नाही, आणि अनुवादात प्रश्नाचा उरलासुरला मागही पुसला जातो. एकाच पाहणीची मूळ प्रश्नावली, इंग्रजी प्रसिद्धिपत्रक आणि मराठी मथळा हे तिन्ही शेजारी ठेवून अर्थ कोठे, कोणत्या शब्दापाशी सरकला हे दाखविणे, हा पदव्युत्तर प्रबंधिकेला पुरेल असा विषय आहे. त्यासाठी मोठे साहित्य लागत नाही; कात्रणे आणि चिकाटी लागते.

पाहणीत उत्तर देणारा माणूस आपले शब्द विश्वासाने दुसऱ्याच्या हाती देतो. भरपेट न्याहारीला होकार देणाऱ्या डॉक्टरांच्या तोंडी बेकन घातले गेले, आणि स्वतःला ‘नैसर्गिक’ म्हणणाऱ्या स्त्रियांच्या तोंडी स्वतःच्या रूपाचा नकार घातला गेला. वाचकाची फसवणूक हा या व्यवहारातील एक अन्याय आहे. बोलणाऱ्याचे बोलणे बदलणे हा दुसरा, आणि त्याची दखल मात्र अद्याप फारशी घेतली गेलेली नाही.