हेगचे दोन निवाडे

मार्सेलिस बंदरांत ८ जुलै १९१० रोजीं सकाळीं विनायक दामोदर सावरकर यांनीं ‘मोरिया’ जहाजाच्या गवाक्षांतून समुद्रांत उडी घेतली, ही गोष्ट महाराष्ट्रांतील शाळकरी मुलासहि ठाऊक आहे. त्या उडीवर आमच्याकडे पुष्कळ लिहिलें गेलें. परंतु तिच्यामुळें जो खटला उभा राहिला व ज्याचा निकाल हेग येथील लवाद-मंडळानें २४ फेब्रुवारी १९११ रोजीं दिला, तो निकाल स्वतः वाचून त्याचें परीक्षण करण्याची तसदी मराठी लेखकांनीं क्वचितच घेतली. पराक्रमाच्या वर्णनांत आमची लेखणी रमते. निवाड्याच्या युक्तिवादांत ती रमत नाहीं. वस्तुतः तो निवाडा थोड्याच पृष्ठांचा आहे, आणि मनुष्याचे हक्क राष्ट्राराष्ट्रांच्या व्यवहारांत कितपत राखले जातात हें समजून घेण्यास त्याहून जवळचें साधन आम्हांस मिळणें कठीण आहे. सावरकरांच्या राजकारणाविषयीं वाचकांत मतभेद असतील. त्यांचा येथें प्रश्न नाहीं. ज्याचें राजकारण आपणांस पटतें त्यालाच हक्क असावा, असें म्हटलें कीं हक्क हा शब्दच निरर्थक होतो.

आधीं हकीकत पाहूं. लंडनमध्यें मार्च १९१० मध्यें पकडलेल्या सावरकरांस खटल्यासाठीं हिंदुस्थानांत नेण्यांत येत होतें. जहाज मार्सेलिसला लागण्यापूर्वींच लंडनच्या पोलिसांनीं पॅरिसच्या पोलिसांस तसें कळविलें होतें. सावरकर पोहत जाऊन धक्क्यावर चढले व धांवूं लागले. फ्रेंच सागरी पोलिसांच्या एका जमादारानें त्यांस पकडलें, आणि जहाजावरून उतरलेल्या तिघांच्या साहाय्यानें त्यांस पुन्हां जहाजावर पोंचविण्यांत आलें. गुन्हेगार परत देण्याचा जो रीतसर विधि असतो, त्यांतील एकहि पायरी येथें झाली नाहीं. दुसऱ्या दिवशीं जहाज निघून गेलें. फ्रान्सनें पुढें आपला कैदी परत मागितला, इंग्लंडनें नाकारला, आणि २५ ऑक्टोबर १९१० च्या करारानें दोन्ही सरकारांनीं पांच पंचांपुढें एकच प्रश्न ठेविला: आंतरराष्ट्रीय कायद्याच्या नियमांप्रमाणें ब्रिटिश सरकारनें सावरकरांस फ्रान्सच्या स्वाधीन करावें कीं करूं नये? पंचांत बेल्जमचे बेर्नार्ट हे अध्यक्ष होते. फ्रान्स, इंग्लंड, नॉर्वे व हॉलंड यांचा प्रत्येकीं एक पंच होता. हिंदुस्थानचा अर्थातच कोणी नव्हता. इकडे मुंबईच्या खास न्यायालयानें हेगची वाट पाहिली नाहीं. डिसेंबर १९१० मध्यें एक व जानेवारी १९११ मध्यें दुसरी, अशा दोन जन्मठेपा देऊन तें मोकळें झालें.

पंचांचा निर्णय थोडक्यांत असा: येथें कपट झालें नाहीं कीं बळाचा वापर झाला नाहीं, जमादाराचें कृत्य फ्रेंच अधिकाऱ्यांनीं जहाज निघेपर्यंत नाकारलें नाहीं, म्हणून तो आपल्या वरिष्ठांच्या हुकुमानें वागला असें इंग्रज पोलिसांस वाटणें स्वाभाविक होतें, कैदी स्वाधीन करण्यांत अनियमितपणा घडला असें धरलें तरी, परक्या राष्ट्राच्या नोकराच्या चुकीमुळें हातीं आलेला कैदी परत करावा असें सांगणारा नियम आंतरराष्ट्रीय कायद्यांत नाहीं.

ह्या निवाड्यावर पक्षपाताचा आरोप करणें सोपें आहे, पण तेवढ्यावर थांबणें हें टीकाकाराचें काम नव्हे. दोन राष्ट्रांचा आपसांतील वाद म्हणून पाहिलें तर निवाड्यांत कांहीं तथ्य आहे. चूक फ्रान्सच्या नोकराची. तिचा भुर्दंड इंग्लंडनें कां भरावा, हा प्रश्न अगदींच पोकळ नाहीं. दोष आहे तो दुसरीकडे. पंचांनीं कैदी परत करण्याचा नियम शोधला व तो न सांपडल्यानें कर्तव्यहि नाहीं असें ठरविलें. खरें पाहतां, अनियमितपणा झाला असेल तर त्याची भरपाई कशी व्हावी, हा प्रश्न आधीं यावयास हवा होता. अन्यायाचें परिणाम शक्य तितके पुसून टाकून पूर्वस्थिति आणावी, हें तत्त्व हेगच्याच पुढील न्यायालयानें १९२८ मध्यें खोर्झोव येथील कारखान्याच्या खटल्यांत स्पष्टपणें मांडलें. कारखान्याच्या बाबतींत जें सुचलें, तें सतरा वर्षांपूर्वीं माणसाच्या बाबतींत सुचलें नाहीं.

परंतु खरी मेख उत्तरांत नसून प्रश्नांत आहे. आश्रय देणें हा फ्रान्सचा अधिकार मानला, तर फ्रान्स तो सोडूं शकतो. एका जमादाराच्या हातूनहि तो सुटूं शकतो. आश्रय हा पळून आलेल्या माणसाचा अधिकार मानला, तर जमादारच काय, खुद्द फ्रान्सचें सरकारहि तो त्याच्या वतीनें सोडूं शकत नाहीं. करारांतील प्रश्नानें ही दुसरी बाजू अगोदरच बाहेर ठेविली होती. सबंध खटल्यांत सावरकर हे वादी नाहींत, प्रतिवादी नाहींत, साक्षीदारहि नाहींत. कोणाच्या ताब्यांत असावी असा जिचा तंटा आहे, अशी ते एक वस्तु आहेत.

ह्याच्या शेजारीं दुसरा निवाडा ठेवून पाहावा. १७ जुलै २०१९ रोजीं हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयानें कुलभूषण जाधव ह्या महाराष्ट्रीय गृहस्थाच्या प्रकरणीं भारत व पाकिस्तान यांच्यांतील खटल्याचा निकाल दिला. मार्च २०१६ मध्यें त्यांस अटक झाली. तीहि कोठें झाली याविषयीं वाद आहे: भारत म्हणतो त्यांस इराणांतून पळवून नेलें, पाकिस्तान म्हणतें बलुचिस्तानांत पकडलें; त्या वादांत न्यायालय शिरलें नाहीं. एप्रिल २०१७ मध्यें पाकिस्तानच्या लष्करी न्यायालयानें फांशीची शिक्षा सांगितली. भारतानें मे महिन्यांत हेगकडे धांव घेतली आणि दहा दिवसांत शिक्षेच्या अंमलबजावणीस मनाई मिळविली. नागपूरांत वाढलेले हरीश साळवे यांनीं भारताची बाजू एक रुपया मानधनावर मांडली. आधार होता १९६३ च्या व्हिएन्ना कराराच्या छत्तिसाव्या कलमाचा: परदेशीं पकडलेल्या माणसास आपल्या देशाच्या वकिलातीशीं संपर्क साधण्याचा हक्क आहे, आणि तो हक्क त्यास विनाविलंब सांगितला पाहिजे. हेरास हा हक्क नाहीं, हें पाकिस्तानचें म्हणणें न्यायालयानें फेटाळलें व पंधरा विरुद्ध एक अशा मतांनीं कराराचा भंग झाल्याचें ठरविलें. विरुद्ध मत पाकिस्ताननें नेमलेल्या न्यायाधीशाचें होतें.

एका शतकांत झालेला फरक येथें डोळ्यांत भरतो. १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याचें पहिलें कलम ‘सर्व पुरुष’ असा अर्थ देणाऱ्या शब्दांनीं सुरू होत होतें. बडोद्याच्या दिवाणांची कन्या हंसा मेहता यांच्या आग्रहामुळें तेथें ‘सर्व माणसें’ असें झालें. त्या वाटेनें पुढें जातां जातां कैद्याचा हक्क लेखी झाला, आणि दोन सरकारांच्या भांडणांतहि तो उच्चारला जाऊं लागला. ह्या प्रगतीस कमी लेखणें अन्यायाचें होईल. पण दुसऱ्याहि निवाड्यांत कैदी स्वतः दाद मागूं शकला नाहीं. त्याच्या सरकारनें मागितली म्हणूनच ती लागली. शिक्षा रद्द करून सुटका करावी, ही भारताची मागणी न्यायालयानें मान्य केली नाहीं. शिक्षेचा परिणामकारक पुनर्विचार व्हावा, मात्र त्याचा मार्ग पाकिस्ताननेंच निवडावा, असें त्यानें सांगितलें. त्याप्रमाणें तेथें २०२० मध्यें अध्यादेश व २०२१ मध्यें कायदा झाला. म्हणजे ज्यानें भंग केला, दुरुस्तीहि त्याच्याच हातीं. १९११ मध्यें उपाय नाकारला गेला. २०१९ मध्यें तो मान्य होऊन आरोपीच्याच घरीं ठेवला गेला.

आंतरराष्ट्रीय कायद्याला स्वतःचा शिपाई नाहीं, हें रडगाणें जुनें आहे. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेचें चौऱ्याण्णवावें कलम सुरक्षा-समितीकडे बोट दाखवितें. आणि तेथें बड्या राष्ट्रांचा नकाराधिकार बसलेला आहे. म्हणून ह्या कायद्याचा अंमल व्हावयाचा तो बहुधा घरच्या न्यायालयांतूनच. नागरी व राजकीय हक्कांच्या करारांत भारत १९७९ मध्यें सामील झाला. बेकायदा अटकेबद्दल भरपाई मिळण्याच्या कलमास सरकारनें त्या वेळीं मर्यादा घातली असतांहि, पोलिसांच्या ताब्यांत मेलेल्या तरुणाच्या आईस सर्वोच्च न्यायालयानें नीलबती बेहरा खटल्यांत १९९३ मध्यें भरपाई देवविली, व तसें करतांना त्याच कलमाचा आधार घेतला. विशाखा खटल्यांत १९९७ मध्यें स्त्रियांविषयींच्या करारावरून कामाच्या ठिकाणचे नियम घालून दिले. हें भूषणावह आहे. परंतु त्याच कराराच्या जोडपत्रास भारतानें मान्यता दिलेली नाहीं, म्हणून येथील नागरिकास जिनिव्हाच्या समितीकडे स्वतः तक्रार नेतां येत नाहीं. आणि छळविरोधी करारावर १९९७ मध्यें सही करूनहि तो अद्याप पक्का केलेला नाहीं. परक्यांकडून हेगमध्यें जें मागावयाचें, तें घरीं द्यावयास संकोच कां, ह्या प्रश्नाचें उत्तर आम्हांस देतां येत नाहीं.

हा विषय विद्वानांच्या चर्चेपुरता नाहीं. कर्वे रस्त्यानें सावरकर-स्मारकावरून रोज ये-जा करणाऱ्या कोथरूडकरांच्या किती तरी घरांतील मुलें-मुली आज परदेशीं नोकरीस वा शिक्षणास आहेत. त्यांपैकीं एखाद्यावर उद्यां प्रसंग गुदरला, तर त्याच्या कामीं त्या उडीची कथा येणार नाहीं. छत्तिसावें कलम येईल. तें परक्या ठाण्यांत आपल्या मुलास वाचून दाखविलें जावें असें वाटत असेल, तर आपल्या गल्लींतील ठाण्यांत परक्याच्या मुलासहि तें वाचून दाखविलें जातें कीं नाहीं, हें पाहण्याचें काम आपलेंच आहे. हेगच्या दोन्ही निवाड्यांनीं जें अपुरें सोडलें, त्याची भरपाई एवढ्याच मार्गानें होण्यासारखी आहे.